मुलांचा बागकाम प्रोग्राम : पूर्ण सीझन काढल्यावर लिहितेय

लेक १३ वर्षांची आहे. आमच्या बिल्डिंगच्या मागे एक रिकामा प्लॉट आहे, तिथे १२ ते १८ वयाच्या मुलांसाठी बागकामाचा प्रोग्राम चालतो. या वेळी तिने त्यात पूर्ण सीझन काढला, म्हणजे वाफे भरण्यापासून ते पार बी धरेपर्यंत, आणि मीपण पालक व्हॉलंटियर म्हणून जवळपास प्रत्येक शनिवारी तिथे होते. बऱ्याच जणी विचारतात मुलांना घालू का, अभ्यासाचा वेळ जाईल का, म्हणून जरा सविस्तर लिहितेय. सुरुवातीलाच सांगते, घाला. पण नाव नोंदवायच्या आधी एक गोष्ट नक्की विचारा, बागेच्या गेटची किल्ली कोणाकडे असते. हे का म्हणतेय ते पुढे येईलच.

आधी एक जुना अनुभव, कारण त्याच्याशी तुलना केल्याशिवाय मला या प्रोग्रामबद्दल बोलताच येणार नाही. दोन वर्षांपूर्वी आम्ही दुसऱ्याच एका ठिकाणी रोपं लावायच्या कार्यक्रमाला गेलो होतो, एका दिवसाचा. टोप्या, बॅनर, भाषणं, खड्डे आधीच खणून ठेवलेले, मुलांनी फक्त रोप हातात घ्यायचं, खड्ड्यात ठेवायचं, फोटो काढायचा, झालं. पंधरा दिवसांनी लेक हट्ट करून मला तिथे घेऊन गेली, तिचं रोप बघायला. सगळी करपलेली. दोन-तीन तर प्लॅस्टिकच्या पिशवीसकटच लावली होती, मुळांना बाहेर यायला जागाच नाही. ती काही बोलली नाही, पण त्यानंतर वर्षभर तिने झाडाचा विषय काढला नाही आणि मला ते फार लागलं. मुलाला सांगायचं की तू झाड लावलंस आणि मग त्या झाडाचं पुढे काय झालं हे कोणी बघायचंच नाही, हे मला चुकीचं वाटतं, अगदी मनापासून चुकीचं वाटतं.

तर या प्रोग्राममध्ये पहिले तीन आठवडे एकही रोप लावलं नाही. मुलं कंटाळली, दोघं-तिघं सोडून गेली, मलाही वाटलं हे काय चाललंय. पहिल्या शनिवारी ताईंनी (मुख्य मेंटॉर, सगळी मुलं ताईच म्हणतात) मुलांच्या हातात खडू दिला आणि सांगितलं की दर तासाला बिल्डिंगची सावली कुठे पडते ती रेघ मारा. सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत. संध्याकाळी सगळ्या प्लॉटवर रेघांचं जाळं झालं होतं आणि मुलांना आपोआप कळलं की पूर्वेच्या भिंतीलगत जेमतेम तीन-चार तास ऊन येतं आणि मधल्या पट्ट्यात सात तास. टोमॅटो, मिरची, काकडी, भोपळा असल्या फळं धरणाऱ्या पिकांना सहा ते आठ तास थेट ऊन पाहिजे, पालक, लेट्यूस, पुदिना कमी उन्हात भागवून घेतात. शहरातल्या बागेत हाच सगळ्यात मोठा प्रश्न असतो, माती आणता येते, पाणी आणता येतं, ऊन कुठून आणणार. त्यामुळे कुठल्या वाफ्यात काय लावायचं हे मोठ्यांनी ठरवलंच नाही, त्या खडूच्या रेघांवरून मुलांनी ठरवलं. मला तेव्हाच वाटलं की हे लोक वेगळे आहेत.

मातीबद्दल तर मी सगळ्यात जास्त मार्क देईन. त्या प्लॉटवर आधी जुनी इमारत होती, मग बरीच वर्षं गाड्या उभ्या राहायच्या. अशा जागेच्या मातीत शिसं असू शकतं, जुन्या रंगातून आलेलं आणि पूर्वी पेट्रोलमध्ये शिसं घालायचे त्याच्या धुरातून बसलेलं. गाड्यांसाठीचं शिसंवालं पेट्रोल जगातून पूर्ण बंद झालं ते २०२१ मध्ये, पण मातीत बसलेलं शिसं तिथेच राहतं, ते सडत नाही की उडून जात नाही. आणि लहान मुलांच्या मेंदूला ते थोडंसुद्धा चांगलं नाही. यांनी माती टेस्टिंगला पाठवली आणि रिपोर्ट येईपर्यंत खुरपं हातात दिलं नाही. रिपोर्टमध्ये रस्त्याकडच्या पट्ट्यात आकडा जास्त आला. मग खाली जाड कापड अंथरून वर फूटभर उंचीचे वाफे केले, बाहेरून आणलेली माती आणि कंपोस्ट भरलं, मधल्या वाटांवर लाकडाचा भुसा टाकला म्हणजे धूळ उडणार नाही, आणि तो रस्त्याकडचा पट्टा भाजीसाठी बंदच, तिथे नुसती फुलझाडं. ताईंनी मुलांना कारणपण नीट सांगितलं, की मुळा-गाजर मातीतच वाढतात आणि पालेभाजीच्या पानांवर धूळ बसते म्हणून त्यांच्यातून धोका जास्त, टोमॅटोसारख्या फळात त्यामानाने खूप कमी जातं. हात धुतल्याशिवाय गेटबाहेर जायचं नाही हा नियम. तुमच्या भागात असा प्रोग्राम असेल तर माती तपासली का हे विचारायला अजिबात संकोच करू नका, रिपोर्ट बघायला मागा, आणि उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर मुलाला तिथे पाठवू नका.

कंपोस्टचा ढीग हा मोठ्या मुलांचा आवडता. ओला कचरा आणि पालापाचोळा यांचे थर, मुठीत घेऊन दाबलं तर पिळलेल्या स्पंजइतकं ओलं पाहिजे, पाणी गळता कामा नये. पहिला ढीग वास मारायला लागला, आजूबाजूच्या लोकांच्या तक्रारी आल्या, कारण मुलांनी नुसता ओला कचरा ओतला होता आणि आत हवाच नव्हती. वाळकी पानं आणि फाडलेला पुठ्ठा मिसळून, ढीग उलटापालटा करून चार दिवसांत वास गेला. मग त्यात लोखंडी सळई खुपसून ठेवायची आणि दहा मिनिटांनी बाहेर काढून हात लावून बघायचा, सळई धरवत नाही इतकी तापलेली असायची. चांगल्या ढिगाच्या पोटात ५५ ते ६५ अंश तापमान जातं आणि ते काही दिवस टिकलं तर तणाचं बी आणि रोगाचे जंतू बरेचसे मरतात. एक सोळा वर्षांचा मुलगा, शाळेत सायन्सला कायम मागे असलेला, तो रोज तापमानाची नोंद ठेवायचा, ग्राफ काढायचा, कोणी सांगितलं नव्हतं. त्याची आई मला म्हणाली की याच्या वहीत मी पहिल्यांदा एवढं स्वच्छ अक्षर बघितलं.

पेरणी मुळ्यापासून सुरू केली, ते बरोबरच होतं, पंचवीस-तीस दिवसांत हाताला येतो म्हणून मुलांचा धीर टिकतो. फक्त विरळणीच्या दिवशी रडारड झाली. दाट उगवलेली रोपं उपटून टाकायची, म्हणजे उरलेल्यांना पोसायला जागा मिळते, पण स्वतः पेरलेलं स्वतः उपटायचं हे छोट्यांना सहन होईना. माझ्या लेकीने तिच्या ओळीत एकही उपटलं नाही. दादांनी (दुसरे मेंटॉर) तिला एक ओळ तशीच ठेवू दिली आणि शेजारची ओळ विरळ केली. महिन्याने एका ओळीत चांगले जाड मुळे आणि तिच्या ओळीत नुसता पाला आणि खाली दोऱ्यासारखं मूळ. तिला कोणी काही बोललं नाही. पुढच्या वेळी तिने स्वतः विरळणी केली, आणि उपटलेली कोवळी रोपं धुवून डब्यात भरून खायला घरी आणली.

आता किल्लीचं.

शाळेला सुट्टी लागली. प्रोग्रामच्या ऑफिसला पण सुट्टी. गेटला कुलूप आणि किल्ली ऑफिसमध्ये. ऐन उन्हाचे दिवस, टोमॅटो फळावर आलेला, आणि पाणी घालायला एक माणूस ठरवला होता तो एक दिवस यायचा, चार दिवस यायचा नाही, आला की एकदम भरभरून पाणी सोडून जायचा. मुलं जाळीबाहेर उभी राहून बघायची. लेक रोज संध्याकाळी जायची आणि येऊन सांगायची आज पानं अजून खाली गेलीत. सुट्टी संपून गेट उघडलं तेव्हा निम्म्या टोमॅटोच्या बुडाशी काळे खोलगट डाग. मुलांना वाटलं रोग पडला, फवारणी करूया. तो रोग नव्हे, पाणी कधी कमी कधी जास्त मिळालं की झाड कॅल्शियम फळाच्या टोकापर्यंत पोचवू शकत नाही आणि तिथला भाग मरतो. म्हणजे मातीत कॅल्शियम असूनही होतं, दोष पाण्याच्या अनियमितपणाचा. म्हणजे सरळ सांगायचं तर दोष कुलपाचा. मी मीटिंगमध्ये हे बोलले आणि थोडी चिडूनच बोलले, कारण आधीच्या ठिकाणी करपलेलं रोप बघून आलेल्या मुलीला परत तेच बघायला लागत होतं.

तेव्हा काही झालं नाही. सुरक्षेचं कारण सांगितलं, जबाबदारी कोण घेणार वगैरे, आणि ते कारण खोटं नव्हतं, मुलांचा प्रश्न आहे.

मग भोपळा. वेल जोरात, फुलं भरपूर, बारकी बारकी फळं दिसायची आणि आठवड्यात पिवळी पडून गळायची. मुलांनी शोधून काढलं की भोपळ्याला नर फूल आणि मादी फूल वेगवेगळं असतं, मादी फुलाच्या मागे देठाशी बाळभोपळा असतोच, पण नर फुलाचे परागकण पोचले नाहीत तर तो गळून जातो. शहरात मधमाश्या कमी, म्हणून हाताने करायला लागतं, नर फूल तोडून पाकळ्या काढून त्याचा दांडा मादी फुलाच्या मध्यावर फिरवायचा. सोपं आहे. पण फूल पहाटे उमलतं आणि दुपारपर्यंत मिटतं! आणि प्रोग्रामची रोजची वेळ दुपारी चार. म्हणजे मुलांनी अख्ख्या सीझनमध्ये उमललेलं फूल जवळजवळ बघितलंच नव्हतं, मिटलेलीच बघत होती.

यावर मुलांनी स्वतः एक अर्ज लिहिला. सकाळी साडेसहा ते साडेसात, मोठ्या मुलांपैकी दोघं, सोबत एक पालक, रजिस्टरमध्ये सही, कोणत्या दिवशी कोण याचं टाइमटेबल, फोन नंबर, सगळं. आणि मला मनापासून कौतुक वाटतं की प्रोग्रामच्या लोकांनी तो अर्ज वाचला, एक आठवडा चर्चा केली आणि दोन किल्ल्या मुलांच्या हातात दिल्या. त्या दिवसापासून ही बाग बदलली. खरंच बदलली, हे मी जवळून बघितलंय. पाणी पहाटे व्हायला लागलं, त्यामुळे पानं दिवसभरात सुकायची आणि बुरशी कमी झाली. एकाने घरातून जुना इलेक्ट्रिक टूथब्रश आणला आणि टोमॅटोच्या फुलांच्या देठाला लावून थरथरवायला लागला, कारण टोमॅटोचे पराग एका नळीत बंद असतात आणि हलवल्यावर बाहेर पडतात, काही जातीचे भुंगे गुणगुण करून हेच करतात. भोपळे धरले. सात. आणि आधी ज्या मुलांना हजेरीसाठी मेसेज करायला लागायचे ती मुलं गजर लावून उठायला लागली, माझी लेक धरून.

ताईंनी मुलांना एकदा जुनी गोष्ट सांगितली होती ती मला त्या दिवशी आठवली. न्यूयॉर्कमध्ये १९०२ साली फॅनी ग्रिस्कम पार्सन्स नावाच्या बाईंनी डेविट क्लिंटन पार्कच्या जागेवर मुलांसाठी शेत सुरू केलं होतं, कचऱ्याने भरलेली जागा साफ करून, आणि प्रत्येक मुलाला स्वतःचा छोटा वाफा दिला होता. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वीसुद्धा त्या बाईंना कळलं होतं की सगळ्यांची मिळून एक बाग म्हटलं की ती कोणाचीच होत नाही, मुलाला हा माझा असं म्हणता यायला पाहिजे. बोस्टनजवळ द फूड प्रोजेक्ट म्हणून संस्था आहे, १९९१ पासून, ते टीनएजर मुलांना चक्क कामावर घेतात, पगार देतात, आणि मुलं व मोठे दोघं एकमेकांना समोरासमोर स्पष्ट फीडबॅक देतात अशी तिथे पद्धत आहे. आमच्या इथे पगार वगैरे नाही आणि मला वाटतं सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना काहीतरी मानधन असायला हवं, कारण त्या वयातली काही मुलं फक्त यासाठी गळाली की त्यांना सुट्टीत कुठेतरी काम करून चार पैसे घरी द्यायचे होते. ती मुलं बागेला नको होती असं नाही, तीच सगळ्यात मेहनती होती.

अजून एक प्रसंग सांगायचाच आहे. घेवड्यावर मावा (रस शोषणारे बारीक किडे) पडला, कोवळ्या शेंड्यांवर नुसती गर्दी, खाली चिकट, आणि मुंग्यांची रांग. त्याच पानांवर काळे-नारिंगी काटेरी किडे फिरत होते, छोट्या मगरीसारखे दिसणारे. मुलांनी तेच चिरडायला सुरुवात केली. दादांनी थांबवलं, एक किडा डबीत ठेवला, मावा पडलेली एक शेंडी आत टाकली आणि म्हणाले नुसतं बघत बसा. अर्धा तास बारा पोरं डबीभोवती डोकं घालून बसली होती. तो लेडीबगचा पिल्लू किडा, एकामागून एक मावा खात होता. मोठा झाल्यावर लाल, काळ्या टिपक्यांचा सुंदर दिसतो तेव्हा सगळे ओळखतात, लहानपणी ओळखत नाहीत म्हणून मारतात. आणि मुंग्या माव्याला राखतात, त्याच्या गोड रसासाठी, म्हणून त्यांची वाट चिकटपट्टीने बंद केली. फवारणी केली नाही. दोन आठवड्यात मावा आटोक्यात आला. या वेळी दादांनी उत्तर आधीच सांगून टाकलं असतं तर पाच मिनिटात विषय संपला असता आणि मुलं विसरूनही गेली असती.

आता खटकलेल्या गोष्टी. पंचवीस मुलांना दोनच मेंटॉर, हे फार कमी आहे, शनिवारी आम्ही पालक असतो म्हणून चालतं, इतर दिवशी छोटी मुलं नुसती हिंडत असतात. हत्यारं मोठ्या माणसांच्या मापाची, बारा वर्षांच्या मुलीला ती कुदळ उचलत नाही. आणि त्यावरून पुढचं, खणायचं आणि ढकलगाडी न्यायचं काम आपोआप मुलग्यांकडे गेलं आणि झारी मुलींच्या हातात आली, कोणी मुद्दाम केलं नाही पण पहिले दोन महिने तसंच चाललं. बोलल्यावर कामाच्या चिठ्ठ्या टाकायला लागले, मग ठीक झालं. पहिल्या तोडणीला वाटणीवरून भांडण झालं, कारण आधी काही ठरवलंच नव्हतं, आता रोज कोण किती आलं ते बघून वाटतात आणि एक वाटा शेजारच्या वृद्धांसाठी ठेवतात. टॉयलेट नाही. हे मी तीनदा लिहून दिलंय. मुली मोठ्या व्हायला लागल्या की याच कारणाने येणं बंद करतात आणि कारण कोणाला सांगत नाहीत.

सगळ्यात मोठी काळजी जागेची. प्लॉट वापरायची परवानगी एकेका वर्षाची आहे. चांगली माती तयार व्हायला तीन-चार वर्षं लागतात आणि जागा हातात एक वर्ष. अशा बागा जातात, हे नवीन नाही. न्यूयॉर्कमध्ये १९९९ साली शंभराहून जास्त बागा महापालिका लिलावात काढणार होती, शेवटच्या क्षणी दोन संस्थांनी विकत घेतल्या म्हणून वाचल्या. आणि नुसती जागा असूनही पुरत नाही, अमेरिकेतच मिलवॉकी शहरात विल ॲलन यांची ग्रोइंग पॉवर ही संस्था १९९३ पासून शहरातल्या मुलांना शेती शिकवत होती, जगभरातून लोक बघायला यायचे, ती २०१७ मध्ये बंद झाली, शेवटी पैशाची ओढाताण होती. म्हणून मी आयोजकांना सांगितलंय की परवानगी निदान पाच वर्षांची मागा, पालक सह्या करायला तयार आहेत, आणि खर्चाचा हिशेब आमच्यासमोर ठेवा म्हणजे आम्हालाही काही करता येईल. अजून उत्तर आलेलं नाही.

पाचपैकी चार देतेय. एक टॉयलेटसाठी आणि मेंटॉर कमी म्हणून कापलाय, ते केलं तर परत येऊन पाच करीन.

सध्या वाफे रिकामे झालेत, मुलांनी घेवड्याची झाडं उपटली नाहीत, जमिनीलगत कापली आणि मुळं आत सोडली, कारण मुळांवरच्या गाठींमधलं नत्र मातीला मिळतं. एक गाठ फोडून आत गुलाबी आहे का ते बघायचं, गुलाबी म्हणजे ती काम करत होती. शेंगा वेलावरच वाळू दिल्या होत्या, त्यातलं बी आमच्या खिडकीत कागदावर पसरलंय, लेकीने पाकिटं करून त्यावर जात, वाफा नंबर आणि तारीख लिहिलीय. नवीन बॅचची नोंदणी पुढच्या महिन्यात आहे, १२ वर्षं पूर्ण पाहिजेत. मंगळवार आणि शुक्रवारची सकाळची किल्ली आता आमच्या घरी असते, दाराजवळच्या खिळ्यावर, आणि त्या दिवशी साडेसहाला कोणीतरी मोठं माणूस सोबत लागतं, तेव्हा आजूबाजूच्या ज्या पालकांना जमेल त्यांनी गेटवर लावलेल्या यादीत नाव लिहा, शुक्रवार अजून रिकामा आहे.